पाहुणीचं पहिलं वेत

"एवढंसं? एवढ्यात उंदराचंसुद्धा भागायचं नाही गं. पण करणार काय, आमच्या सूनबाई वाचायला लागल्यात."

मी फळीच्या पलीकडे म्हाताऱ्या गाईची धार काढत बसले होते. दोन फळ्यांच्या मधे बोटभर फट आहे. तेवढ्यातून मला आबांचा हात, पत्र्याचा डबा आणि पाहुणीचं ओलं नाक दिसत होतं. आबा म्हणजे माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर. पाहुणी म्हणजे आमची कालवड, वय अडीच. सासरे कालवडीच्या कानाशी वाकून माझी चुगली करत होते आणि कालवड कान हलवून त्यांना दुजोरा देत होती.

"कागदावर लिहिलंय म्हणे, दोनच डबे. कागदाला कुठं भूक लागते."

मग आबांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला. बाहेर आला तेव्हा मुठीत भरडा होता. पाहुणीनं तो असा चाटूनपुसून घेतला की हे रोजचंच चाललेलं असावं. आबांनी तळहात मांडीला पुसला, इकडंतिकडं पाहिलं आणि खाकरत बाहेर गेले, जणू नुसती विचारपूस करायला आले होते.

मी तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. दोनच डबे हा नियम माझा, खांबावरचा कागद माझ्या अक्षरातला आणि त्याला खिळा ठोकणारीही मीच. पण मी मान खाली घालून धार काढत राहिले. त्याला कारण होतं. ते पुढे येईलच.

पाहुणी हे नाव आबांनी दिलेलं. ती जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली. थंडी मी म्हणत होती, म्हणून आम्ही वासराला घरात आणलं आणि शेगडी आणि पाण्याचं पिंप यांच्या मधे जुनं ब्लँकेट अंथरून त्यावर ठेवलं. माझी धाकटी जाऊ शेजारच्याच दारात राहते. दीर परगावी नोकरीला असतो, त्यामुळे तिची अर्धी वस्ती आमच्याकडेच. ती साखर मागायला आली, ओट्याखालून बाहेर आलेले चार पाय बघितले आणि उंबऱ्यातच थबकली. हे कोण, म्हणाली. आबा शांतपणे म्हणाले, "पाहुणी आहे. दोन दिवसांनी जाईल."

पाहुणी महिनाभर राहिली. बाटलीनं दूध प्यायली, आबांच्या सदऱ्याची दोन बटणं चघळून संपवली, आणि आम्ही जेवायला बसलो की तीही मधे येऊन उभी राहायला लागली. पुढे तिला गोठ्यात नेलं, तर तिथल्या गाईंकडे ती दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या माणसासारखी बघायची : आपला नंबर लागला की आपण जाऊ, यांचं या बघून घेतील.

तिच्या आईचं नाव कवडी. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका होता. कवडीही पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणारी. वासराचे पाय दिसले आणि तिथंच अडले. तेव्हाचे डॉक्टर दुसऱ्या गोठ्यात अडकले होते, येतो म्हणाले होते, पण तेवढी वाट बघितली गेली नाही. वासराच्या पायांना दोर बांधला आणि ओढलं. वासरू जिवंत आलं. कवडी आतून फाटली होती, ती ऊन उतरायच्या आत गेली. दोर ह्यांच्या हातात होता. हे म्हणजे माझे यजमान.

एवढीच हकिगत आम्ही सांगतो, तीही बाहेरच्याला. आपसांत तेवढीही नाही. मी त्या दिवशी बादली धरून तिथंच उभी होते, जाऊही होती. काय पाहिलं, काय ऐकलं, हे आम्ही दोघींनी एकमेकींनासुद्धा कधी विचारलं नाही. गल्लीत लोक म्हणाले, यानं घाई केली. ह्यांनी ऐकून घेतलं. आबांनी त्यानंतर दुसऱ्यांच्या गोठ्यात जायचंच सोडलं. त्याआधी आसपास कुठं गाय अडली की माणसं डॉक्टरच्या आधी आबांना हाक मारायची. आता कुणी बोलवायला आलं की ते म्हणतात, डोळ्यांनी दिसत नाही. दिसतं त्यांना सगळं. खिशात किती भरडा उरलाय हे तर न बघताही दिसतं.

आणि ह्यांनी त्या दिवसापासून दोराला हात लावला नाही. गाय विणार असं दिसलं की ह्यांना घरातलं काहीतरी मोडलेलं आठवतं. गेल्या अडीच वर्षांत आमच्या गोठ्यात सात वेतं झाली आणि घरातल्या सात वस्तू दुरुस्त झाल्या : जावेचा मिक्सर, मागच्या दाराची कडी, इस्त्रीची वायर, असं करत करत. सातव्या वेळी काही मोडलेलं सापडेना, तेव्हा ह्यांनी धडधाकट शिडी खोलली आणि परत जोडली. आम्ही कुणी हसलो नाही. उलट जाऊ म्हणाली, बरं केलंत भावजी, जरा डुगडुगतच होती.

त्या साती गाई सरावलेल्या, आपापल्या मोकळ्या झाल्या. कवडीनंतरची पहिलारू म्हणजे पाहुणीच. तिची वेळ आली तर आमच्यापैकी कोण पुढे होणार, हा प्रश्न ती गाभण राहिल्यापासून घरात फिरत होता. त्याला कुणी बस म्हणत नव्हतं आणि जा म्हणत नव्हतं.

मी आपली वाचत सुटले. शाळा सातवीत सुटलेली, पण वाचायची खोड गेली नव्हती. जनावरांच्या दवाखान्यातली पत्रकं आणली, तिथल्या कंपाउंडरकडून एक जुनं पुस्तक मागून आणलं, न कळलेल्या शब्दांखाली रेघा मारल्या आणि नव्या डॉक्टरीणबाई आल्या की त्या रेघांची उत्तरं वसूल केली. डॉक्टरीण माझ्या भाचीएवढी असेल. चणीनं बारीक, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. मला काकू म्हणते.

सातव्या महिन्यात तिनं पाहुणीला तपासलं. शेपटीच्या मुळाशी बोटं दाबली, तर ती उशीत रुतावीत तशी रुतली.

"काकू, ही दोघांचं नाही, पाचांचं खातेय," ती म्हणाली. मग नीट समजावून सांगितलं. पहिलारूची वाट मुळात अरुंद. त्यात तिथं चरबी साठली आणि आतलं वासरूही पोसलं गेलं, तर वाट आणखी अरुंद आणि येणारा आणखी मोठा. उपाशी ठेवायची नाही, पण खुराक मोजून. चारा हवा तेवढा, खुराक सकाळी एक डबा आणि संध्याकाळी एक डबा. आणि रोज फिरवायची.

मी त्याच दिवशी कागद ठोकला. सगळ्यांनी मान हलवली. मान हलवायला आमच्या घरात कधीच कुणाची ना नसते.

पाहुणी रोज गल्लीच्या टोकापर्यंत फिरायला जायला लागली, पण आबा बरोबर असतील तरच. ते पुढे, ती मागे, मधे सैल दावं. दोघांचे गुडघे सारखेच कुरकुरत असावेत, कारण दोघंही त्याच त्याच पायरीशी थांबायची. शिवणयंत्राच्या खणातली टेप घेऊन दर आठवड्याला मी तिची छाती मोजायचे. टेप दर आठवड्याला पुढे सरकत होती. मी चाऱ्यावर संशय घेतला, पाण्यावर घेतला, शेवटी टेपवरही घेतला आणि स्वतःची कंबर मोजून खात्री करून घेतली. त्या खात्रीनं कुणाचंच भलं झालं नाही.

आणि मग एका सकाळी पाहुणीनं डब्यावरून तोंड फिरवलं.

आबा तसेच घरात आले. "सूनबाई, तिनं खाल्लं नाही," एवढंच म्हणाले, आणि मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. जन्मापासून असं घडलं नव्हतं.

पाहुणी ऊठबस करत होती. कास तटतटली होती, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते. ती मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायची आणि मग आमच्याकडे, की तुमच्यापैकी कुणी केलं हे. मी स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून आणलं आणि गोठ्यातल्या खिळ्यावर टांगलं. पुस्तकात वेळ पाहा असं पानोपानी लिहिलं होतं, आणि अशा वेळी माणसाच्या मनातल्या घड्याळावर भरवसा ठेवता येत नाही, हे पुस्तकात नसलं तरी मला ठाऊक होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पाणमोट फुटली. मी लगेच डॉक्टरीणबाईंना फोन केला. पहिलारू आहे, अडेपर्यंत थांबू नका, पाणी गेलं की कळवा, हे तिनंच सांगून ठेवलं होतं. ती एका म्हशीपाशी होती. "तासाभरात पोचते," म्हणाली. "पाय दिसले तर तळवे खाली आहेत का बघा. आणि काकू, मी येईपर्यंत कुणी ओढायचं नाही. कुणीच."

मी ते सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. हे दारात उभे होते. म्हणाले, "मागच्या नळाचा वायसर गेलाय. पाणी लागेल तुम्हाला." आणि गेले. नळ ठीक होता. मी सकाळीच त्यावर कपडे धुतले होते.

साडेअकराच्या सुमाराला दोन पाय दिसले, पांढरट, ओले, खालच्या बाजूला तळवे. पाठोपाठ नाकाचा शेंडाही बोटाला लागला. सगळं पुस्तकात होतं तसं होतं, आणि मग पुस्तक थांबलं. पाहुणी जोर करायची, पाय चार बोटं पुढे यायचे. जोर ओसरला की पाय परत आत. घड्याळ पुढे जात होतं, वासरू जिथल्या तिथं.

आबा उलट्या बादलीवर बसले होते, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरलेले. लहान मुलाला हात लावायचा नाही म्हणून बजावल्यावर ते बसतं तसे. जाऊ गरम पाणी घेऊन आली. तिला गप्प बसवत नाही.

"बिचारीला कळतच नसेल काय चाललंय," ती म्हणाली. "तिला वाटत असेल, आपल्याला खाल्लेलं बाधलं."

आबांनी घड्याळाकडे पाहिलं, मी बादलीकडे पाहिलं, आणि जाऊनं आपल्याच बोलण्याला आपणच ठेचकाळल्यासारखं करून पाणी खाली ठेवलं.

पावणेबाराला आबांचा उजवा हात मांडीखालून निघाला. बोटं जरा उघडली, मिटली. मी पाहिलं. आबांनीही मी पाहिलेलं पाहिलं. हात परत मांडीखाली गेला.

"मी काही म्हणतोय का?" ते पुटपुटले.

"नाही, आबा."

"मग बघू नकोस माझ्याकडे."

सव्वाबाराला डॉक्टरीणबाईंची स्कूटर आली. तिनं बाह्या वर केल्या, खांद्यापर्यंत साबण लावला आणि पाहुणीशी बोलत बोलत आत हात घातला. तिचा चष्मा घसरला तो जाऊनं वर ढकलला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. तोंडावर काही दिसत नव्हतं. हेही त्या लोकांना शिकवत असतील.

"वाट पूर्ण उघडलीय," शेवटी ती म्हणाली. "वासरू जिवंत आहे, माझं बोट चोखतंय. पण डोकं मोठं आहे आणि आत नुसत्या गाद्या आहेत गाद्या. आपलं आपण यायचं नाही. ओढावं लागेल."

तो शब्द गोठ्यात पडला आणि तिथंच पडून राहिला.

बाई नवी, तिला काय माहीत. ती पिशवीतून दोन दोर काढून साबणाच्या पाण्यात बुडवत होती. म्हणाली, वासराच्या डोक्याशी मी असेन, काकू गाईच्या डोक्याशी. दोर धरायला एक माणूस हवा. ताकदीचा हवा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऐकणारा हवा. ती जोर करेल तेव्हाच ओढायचं, ती थांबली की थांबायचं. "कोण आहे?"

आबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. ते परत मांड्यांखाली सारले. माझा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर जात नाही. जाऊ म्हणाली, मी धरते, आणि दोर उचलला खरा, पण तिचं वजन त्या वासराइतकंच असेल. मी उठले आणि मागच्या अंगणात गेले.

हे नळापाशी उकिडवे बसले होते. नळ पूर्ण खोलला होता, एकेक भाग फडक्यावर ओळीनं मांडून ठेवला होता. सगळे भाग स्वच्छ, कोरडे.

"डॉक्टर बोलावतायत," मी म्हटलं. "दोर धरायला."

ह्यांनी वायसर उचलला, उजेडात धरला. "माझ्या हातात नको."

मीही शेजारी उकिडवी बसले. तीस वर्षांच्या संसारात ह्यांना समजावायचे माझे सगळे मार्ग वापरून झालेत, म्हणून मी काहीच समजावलं नाही. वायसर ह्यांच्या हातून घेतला आणि फडक्यावर ठेवला.

"ओढायचं थोडं आहे," मी म्हटलं. "थांबायचंच जास्त आहे. थांबायला तुमच्याइतकं चांगलं माणूस आपल्या घरात नाही. मला माहितेय ते."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी नजर काढली नाही. अडीच वर्षांत मी त्या दिवसाच्या एवढ्या जवळ कधी गेले नव्हते. मग हे उठले, आणि हात धुवायला नळाकडे वळले. नळ तर फडक्यावर होता. पिंपातलं पाणी मी ओतलं.

पाहुणीला उजव्या कुशीवर निजवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर. जाऊ घडीघडीला तेल आणि साबणाचं पाणी पुढे करत होती. डॉक्टरीणबाईंनी वासराच्या दोन्ही पायांना सांध्याच्या वर वेगवेगळे फास घातले, नीट तपासले आणि दोर ह्यांच्या हातात दिले.

"एका वेळी एकच पाय," बाई म्हणाली. "ती जोर करते तेव्हाच. आता. डावा. पुरे, थांबा."

हे थांबले.

"आता उजवा. हळू. थांबा."

हे थांबले. दोर सोडला नाही आणि ताणलाही नाही, नुसता धरून ठेवला. पाहुणीचा श्वास माझ्या मनगटावर गरम गरम येत होता. तिचा डोळा वर वळून मला शोधत होता. मी तिच्या कानाशी काय काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक तिला मी डबे वाढवून द्यायचं कबूल केलं.

असं किती वेळ चाललं, घड्याळ बघायचं मी विसरले. डोकं अडकून बसलं होतं. बाईनं कडेकडेनं हात फिरवून वाट सैल केली, आणखी तेल घेतलं. पाहुणीनं जोर केला, पाय पुढे आले, कपाळ दिसल्यासारखं झालं, आणि तिचा जोर ओसरला. अगदी थोडक्यात राहिलं होतं. मी आबांकडे पाहिलं. ते बादलीवरून अर्धे उठले होते, मान पुढे, तोंड उघडलेलं, शब्द ओठांपर्यंत आलेला. मग त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलचं टोक घेतलं, तोंडात कोंबलं, दातांनी घट्ट धरलं आणि खाली बसले.

ह्यांनीही ते पाहिलं. दोर हातात, मान आबांकडे वळलेली. बापलेक एकमेकांकडे बघत राहिले, आणि हे थांबून राहिले.

"आता," बाई म्हणाली.

डोकं आलं. त्यानंतर खांदे, मग छाती, आणि बाईनं वासरू जरासं वळवून घ्यायला सांगितलं, म्हणजे मागचं हाड अडकणार नाही. ह्यांनी ती सांगेल तशी दोराची दिशा खाली पायांकडे वळवली. पुढचं सगळं एकदम झालं. वासरू ओल्या पोत्यासारखं ह्यांच्या पायांवर येऊन पडलं आणि हे मागे भिंतीला टेकून बसले.

ते हलेना. बाईनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, काडी नाकपुडीत फिरवली. जाऊ पोत्यानं त्याचं अंग अशी घासत होती की करपलेलं भांडं असावं. एक, दोन, तीन, आणि ते शिंकलं. मोठ्या माणसासारखं, खच्चून. जाऊ रडता रडता म्हणाली, शिंक भावजींवर गेलीय.

गोऱ्हा होता. एवढा थोराड, की जन्मतःच कुणीतरी मोठ्या भावाचे कपडे घातल्यासारखा दिसत होता. आम्ही त्याला ओढत पाहुणीच्या तोंडाशी नेलं. तिनं त्याला हुंगलं, दचकली, आणि वळून आबांची बाही चाटायला लागली.

"अगं माझी नव्हे," आबा म्हणाले. टॉवेल आता हातात आला होता. "मी जुना आहे. ते बघ, ते नवं." त्यांनी वासराच्या अंगावरचा ओलावा बाहीला पुसला आणि बाही तिच्यापुढे धरली. पाहुणीनं बाही चाटली. आबांनी बाही हळूहळू खाली नेली, वासराच्या पाठीवर टेकवली आणि अलगद काढून घेतली. तिची जीभ चालूच राहिली. बाही संपून वासरू सुरू झाल्याचं तिच्या ध्यानात आलं की नाही, कोण जाणे, पण मग ती थांबली नाही. मधे एकदा घशातल्या घशात हुंकारली. तो आवाज तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता.

बाईनं आत हात घालून नीट तपासलं. आम्ही पुन्हा तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"कुठं फाटलेलं नाही," ती म्हणाली. "सगळं ठीक आहे. आतली वार बाहेर पडेल संध्याकाळपर्यंत. वासराला चीक लगेच पाजा."

ह्यांनी डोळे मिटले आणि डोकं भिंतीला टेकलं.

बाई हात धुवायला बसली, मी पाणी घालत होते. तिची नजर खांबावरच्या कागदावर गेली. "दोनच डबे ना?" तिनं विचारलं. "खरं सांगा. मी रागावणार नाही. आता रागावून उपयोगही नाही."

पहिली जाऊ फुटली. दुपारची भांडी घासून झाली की ती मूठभर पेंड घेऊन यायची. बिनआईचं लेकरू, म्हणाली, आणि ही जाऊबाईंची शिस्त. मग भिंतीपाशी बसलेल्या ह्यांनी डोळे न उघडता सांगितलं की दूध घालून परत आल्यावर एक मूठ माझीही असायची. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. कागद ठोकणाऱ्या बाईनं काय करावं, याला पुस्तकात उत्तर नव्हतं. मी सांगून टाकलं की घरात कुणी नसलं की अर्धा डबा मीही जास्तीचा घालत होते. तिच्यासमोर मोजून डबा ठेवायचा आणि ती तो चाटून वर बघायची. ते बघणं मला झेपलं नाही.

"म्हणजे कागद सोडून सगळ्यांनी चारलं," बाई म्हणाली.

"मी एकच मूठ घालायचो," आबा घाईनं म्हणाले.

"सकाळची एक आणि संध्याकाळची एक," मी म्हटलं. "फळीला फट आहे, आबा."

सगळे हसले. बाईही हसली, हेही हसले, भिंतीला टेकूनच, छातीवरचा वासराचा चिकटा हलवत. अडीच वर्षांनी गोठ्यात असं कुणी हसत होतं. एकेकाच्या मुठी मोठ्या नव्हत्याच. प्रत्येकाला वाटत होतं की दुसरं कुणी घालत नाही.

बाईनं पिशवीतून वही काढली. पुढच्या वेळी तिला असंच होईल असं नाही, म्हणाली, वाट आता मोकळी झालीय, फक्त मुठी आवरा. मग लिहिता लिहिता सहज विचारलं, "हिच्या आईलाही पहिल्या वेळी त्रास झाला होता का? लिहून ठेवते, कधीकधी आईकडून येतं ते. कशानं गेली ती?"

हसू जिथल्या तिथं थांबलं. जाऊनं घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि परत घडी घालायला घेतली. अडीच वर्षं बंद ठेवलेलं तोंड असं पटकन कामाला लागत नाही.

"माझ्या हातून गेली," ह्यांनी सांगितलं. कुणी पत्ता विचारला की आपण सांगतो तशा आवाजात. "दोर माझ्या हातात होता."

बाईनं पेन वहीवर टेकवलं.

आबा बादलीवरून उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, दोन टप्प्यांत, नेहमी उठतात तसे. सरळ उभे राहिले. पाहुणीकडे बघितलं, वासराकडे बघितलं, आणि मग ह्यांच्याकडे.

"लिही पोरी," ते म्हणाले. "दोर ह्याच्या हातात होता. हा दोनदा म्हणाला, आबा, थांबू या. ओढ, असं मी म्हणालो."